केक बसतो, बिस्किटे पसरतात

श्रोते हो, नमस्कार. दिवाळी जवळ आली की घरचा मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचे आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. अलीकडे मात्र अनेक घरांत छोटा ओव्हन आला आहे आणि ज्यांच्याकडे तो नाही, त्यांचा केक कुकरमध्येही उत्तम होतो. पदार्थ बिघडला की आपण कृतीला किंवा मैद्याला नावे ठेवतो. पण बहुतेक वेळा चूक आचेची किंवा मापाची असते, आणि ती नेमकी कोणती हे बिघडलेला पदार्थच दाखवतो. म्हणून तो मुकाट्याने खाऊन टाकण्याआधी कापून नीट पाहावा.

सर्वांत जास्त तक्रार असते ती केक फुगून मध्येच बसण्याची. अशा केकच्या खड्ड्याखालचा भाग ओलसर आणि चिकट असेल, तर केक कच्चा राहिला आहे. आत तयार झालेल्या बुडबुड्यांच्या भिंती शिजून घट्ट होण्याआधीच कोणीतरी उत्सुकतेने ओव्हनचे दार उघडले, किंवा केक लवकर बाहेर काढला. पहिली 20 ते 25 मिनिटे दाराला हात लावू नये. त्यानंतर मध्यभागी सुरी खुपसून पाहावी आणि ती कोरडी निघाली तरच केक काढावा. याउलट, खड्ड्याखालचा भाग शिजलेला पण मोठमोठ्या छिद्रांचा असेल, तर बेकिंग पावडर जास्त झाली आहे. बुडबुडे झपाट्याने वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि फुटतात. एक कप मैद्याला बेकिंग पावडरचा एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे 5 मिलिलिटरचे माप, पुरे होते. खाण्याचा सोडा त्याच्या पाव हिश्श्याएवढाच घ्यावा आणि तोही दही, ताक किंवा लिंबाचा रस असेल तेव्हाच, कारण आंबट पदार्थाशिवाय सोडा पुरता कामाला येत नाही आणि केकला साबणासारखी चव मागे राहते.

केक मुळीच फुगला नसेल, तर पावडर जुनी झाली आहे का ते पाहावे. अर्धी वाटी गरम पाण्यात चमचाभर पावडर टाकावी. लगेच फसफसली तर चांगली, नाही तर टाकून द्यावी. पावसाळ्यात डब्याचे झाकण सैल राहिले तरी ती निकामी होते. पावडर चांगली असूनही केक गच्च झाला असेल, तर मैदा घातल्यावर मिश्रण फार फेटले गेले आहे. लोणी आणि साखर हवी तेवढी फेटावी, पण मैदा पडल्यावर हात आवरावा; कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. मैद्याऐवजी कणीक घेतल्यास ती जास्त ओलावा शोषते, म्हणून दोन-तीन चमचे दूध वाढवावे लागते. केकचा माथा डोंगरासारखा वर येऊन तडकला, तर आच जास्त होती एवढेच समजावे आणि पुढच्या वेळी तापमान 180 ऐवजी 160 ते 170 अंश ठेवावे.

कुकर वापरणाऱ्यांनी झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलीच पाहिजेत. आत पाणी घालायचे नाही. तळाशी जाड मिठाचा थर देऊन त्यावर जाळी ठेवावी, मध्यम आचेवर 10 मिनिटे कुकर तापवावा आणि केकचे भांडे आत ठेवल्यावर आच अगदी मंद करावी. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावांत मला तरी ओव्हनपेक्षा हीच पद्धत बरी वाटते, कारण एकदा कालवलेले मिश्रण वीज येईपर्यंत वाट पाहत नाही.

आता बिस्किटांकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा 40 अंशांच्या वर जातो आणि लोणी तर 32 ते 35 अंशांनाच वितळते. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी मळलेल्या पिठाची बिस्किटे ओव्हनमध्ये आकार धरण्याआधीच पसरून एकमेकांना चिकटतात. पीठ वाढवून हा दोष जात नाही, उलट बिस्किटे कडक होतात. त्यापेक्षा पहाटे पीठ मळावे, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे, आणि दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीही मांडू नये. ट्रे पाण्याखाली गार करून पुसून घ्यावा.

ज्वारीच्या बिस्किटांचा भुगा होतो, याचे कारण ज्वारीत गव्हासारखे चिकट प्रथिन नसते. भाकरीसाठी आपण उकळते पाणी घालतो, तीच युक्ती येथेही चालते: थोडे पीठ उकळत्या दुधात भिजवून, गार करून उरलेल्या पिठात मिसळावे, किंवा निम्मी कणीक घ्यावी. पीठ मात्र ताजे हवे. विरी गेलेल्या पिठाची भाकरी जशी थापता येत नाही, तशी बिस्किटेही धड जुळून येत नाहीत.

बिस्किटे ओव्हनमधून निघताना मऊच असतात. ती कच्ची समजून पुन्हा भाजू नयेत. कडा बदामी झाल्या की काढावीत, 5 मिनिटे ट्रेवरच राहू द्यावीत आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरावीत, नाही तर आतल्या वाफेने ती सादळतात. सादळलेली बिस्किटे 150 अंशांवर पाच-सात मिनिटे तापवून पुन्हा गार केली की खुसखुशीत होतात. केक आणि बिस्किटे एकाच डब्यात ठेवू नयेत, कारण केकमधला ओलावा बिस्किटांत उतरतो. नमस्कार.