घोरपड, कीर्तन आणि आजोबांची गोष्ट: ऐकीव गोष्टीचा इतिहास कसा होतो?

नमस्कार मंडळी! सिंहगडाच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "दादा, तानाजींच्या मावळ्यांनी दोर बांधून कड्यावर चढवलेली घोरपड खरी की खोटी?" आणि त्याखाली लगेच कुणीतरी, "आमच्या आजोबांनी सांगितलंय, दहा पुस्तकांत आहे, तुम्ही कोण नाही म्हणणारे?" म्हटलं चला, बोलूनच टाकू.

4 फेब्रुवारी 1670, सिंहगडाची लढाई, तानाजी मालुसरे आणि मोगलांचा किल्लेदार उदेभान, हे सगळ्यांना पाठ आहे, पुढे जाऊ. सभासदाची बखर साधारण 1694 ची, जिंजीला लिहिलेली, आणि लिहिणारा महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. त्यात मावळे कडा चढतात ते वानरासारखे, घोरपड नाहीच. महाराजांचं वाक्य आहे, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." त्यात "गड आला पण सिंह गेला" मधला सिंह नाही, आणि सिंहगड हे नाव तर 1663 च्या पत्रात आधीच आहे. यशवंती घोरपड भेटते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. शाहिराला समोर बसलेल्या माणसांना तो काळोखातला कडा दाखवायचाय, तो त्याचं काम चोख करतोय, त्याच्यावर माझा काडीचा राग नाही.

राग आहे तो "दहा पुस्तकांत आहे" यावर. अहो, दहाही पुस्तकांनी एकाच पोवाड्यावरून घेतलं असेल तर साक्षीदार एकच झाला ना! पुस्तकं मोजू नका, पहिल्यांदा कोण म्हणालं आणि त्याला कुठून कळलं ते बघा.

कीर्तनात पण हेच. आमच्या गावच्या सप्ताहात बुवांनी उत्तररंगाला, म्हणजे कीर्तनाच्या गोष्टीच्या भागात, तुकोबा आणि शिवरायांचं आख्यान लावलं होतं, शत्रूचे लोक देवळाला वेढा घालतात आणि विठ्ठल राजांचं रूप घेऊन त्यांना चकवतो ते. बुवांनी उपरणं कमरेला आवळलं, मृदंग थांबवला आणि राजांचा एक आख्खा संवाद म्हटला, बायाबापड्या डोळे पुसतायत, मीसुद्धा. पुढच्या वर्षी तोच संवाद उत्सवाच्या स्मरणिकेत छापून आला, वर "इतिहासात नोंद आहे" असं! आता ही गोष्ट संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतीबुवांच्या ग्रंथांत आहे, पण तुकोबा गेले 1650 ला आणि महिपतीबुवांचा भक्तविजय पूर्ण झाला 1762 ला. शंभरावर वर्षं गेली मध्ये. महिपतीबुवा स्वतः सांगतात की मी मनचं लिहीत नाही, आधीच्या संतचरित्रकारांच्या आधाराने लिहितोय. इतका प्रामाणिक माणूस, आणि आपण मात्र त्यांना डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार करून ठेवतो. भक्तीचा ग्रंथ भक्तीने वाचा ना, मी पण वाचतो.

तिसरं म्हणजे घराणं. घोरपडे आडनावाची परंपरा अशी की त्यांच्या पूर्वजाने बहामनी काळात, 1471 च्या सुमारास, घोरपडीच्या मदतीने खेळणा म्हणजे आजचा विशाळगड घेतला. बघा, तीच घोरपड, पण दोनशे वर्षं आधी आणि दुसऱ्या गडावर! याला घोरपड्यांच्याच मुधोळ घराण्याकडच्या फर्मानाचा, म्हणजे बादशाही हुकमाचा, आधार देतात, पण त्या फर्मानांच्या खरेपणावरच अभ्यासकांत वाद आहे. शिवाय वतनाचा, मानपानाचा तंटा लागला की घराणी करीने, कैफियती, म्हणजे आपली बाजू मांडणारे घराण्याच्या हकिकतीचे कागद, लिहून काढायची, त्यात पूर्वजाचा पराक्रम मोठा दिसणं फायद्याचंच असायचं. मग तोच कागद पुढे पुस्तकात, पुस्तकातून गाइडच्या तोंडी, गाइडकडून नातवाकडे, आणि नातू आपल्याला कमेंटमध्ये सांगतो, "आमच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे." परत तोच एक साक्षीदार!

म्हणून घरातलं सगळं बाद असं मी अजिबात म्हणत नाही. जेधे शकावली, म्हणजे तारीखवार नोंदींची यादी, जेध्यांच्या घरातलीच, टिळकांनी 1916 मध्ये छापली, आणि महाराजांच्या जन्मतिथीसाठी आज आपण तिच्याकडेच जातो. पण त्यात काय आहे, तर तिथी आणि एकदोन ओळींची नोंद, संवाद नाहीत की चमत्कार नाहीत.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांची गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी त्या दिवसाची तारीख बोला, आणि मध्ये न टोकता शेवटी एवढं विचारा की ही तुम्ही कुणाकडून ऐकली, तेव्हा केवढे होतात. हिरकणीवर बऱ्याच जणांनी विचारलंय, तो व्हिडिओ पुढचा.