वाळलेलं झाड राहू द्या

नमस्कार, श्रोतेहो. शेताच्या कडेला एकरभर माळ, त्यावर बाभळी, हिवर, बोरी, दोन-चार लिंब. आपल्या सोलापूर भागात अशी झाडी पुष्कळांकडं आहे. उन्हाळा आला की ती ‘साफ’ करायची हुक्की येते. आज माझं सांगणं एवढंच: वाळलेलं झाड दिसलं की लगेच कुऱ्हाड लावू नका.

मोहोळकडचे आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. त्यांच्या झाडीतला एक लिंब उभ्या-उभ्या वाळला. अण्णांनी वखारवाल्याशी सौदा केला, इसारही घेतला. सकाळी तोडणारा आला. पहिला घाव घातला, ढोलीतून पिंगळा बाहेर! समोरच्या बाभळीवर बसला आणि डोळे वटारून बघायला लागला. दुसरा घाव, दुसरा पिंगळा! गड्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "नको ओ मालक. घुबडाचं घर मोडून माझ्या घराला काय झालं तर?" अण्णांनी चहा पाजला, मजुरी वाढवली. गडी हलेना. शेवटी इसार परत गेला. अण्णा चिडले, पण गोष्ट गावभर झाली आणि रात्री झाडीतलं सरपण पळवणारे यायचे बंद झाले. आता अण्णाच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "जपून बरं का, घुबडं हायेत तिकडं."

अपशकुनावर माझा काडीचा विश्वास नाही. पण सुतार पक्षी मऊ पडलेलं लाकूड कोरतो, त्या ढोलीत पुढं पिंगळा, मैना, पोपट राहतात. पिंगळा उंदीर, नाकतोडे खातो. ज्वारीवाल्याला याहून जास्त काय सांगायचं? तेव्हा वाळलेलं झाड राहू द्या. घरावर, वाटेवर, विजेच्या तारेवर झुकलं असेल तर मात्र काढा.

जिवंत फांदी काढताना आधी खालून थोडं कापा, मग वरून, म्हणजे साल सोलत नाही. बुंध्याजवळचा फुगीर भाग राखा. बांडगूळ नुसतं ओरबाडू नका, ते परत फुटतं. त्याच्या अलीकडून, बुंध्याच्या बाजूनं, फांदीच कापा. आणि झाडाभोवती सिमेंटचा ओटा बांधायची ही काय फॅशन निघालीय? पाणी मुरणार कुठून?

जिथं नुसतं गवत आहे, तिथं झाडं लावायची हौस नको. आपल्या सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्यच बघा, १९७९ सालचं. माळढोक, काळवीट हे उघड्या गवताचे रहिवासी. चंडोल, तित्तर तर जमिनीवरच अंडी घालतात. म्हणून गवत कापायचं ते बी झडल्यावर, दिवाळीनंतर.