हवामान खातं आकडे दाबतंय का? शहरातला उकाडा नेमका येतो कुठून

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय, की खातं म्हणतं शिवाजीनगर ४०, माझ्या गाडीच्या डिस्प्लेवर ४६, मग खरं कोण? एका दादांनी तर ती पिस्तुलासारखी थर्मामीटर गन भर दुपारी रस्त्यावर रोखून फोटो टाकलाय, आकडा ५८, खाली लिहिलंय "हे बघा खरं पुणं". दादा, ते पुणं नाही, ते डांबर आहे. आणि आज मी यावरच बोलणार आहे, कारण कमेंटमध्ये उत्तरं देऊन देऊन माझी बोटं दुखायला लागलीयेत.

आधी बेसिक पटकन उरकते, तुम्हाला माहितीच आहे. डांबर, काँक्रीट दिवसभर ऊन शोषतं आणि रात्री सोडतं, उघडी माती आणि झाडं कमी झाली की बाष्पीभवन कमी, बिल्डिंगींनी वारा अडतो, वरून गाड्या आणि एसीची गरम हवा. याला अर्बन हीट आयलंड म्हणतात. झालं. आणि हे काही आजचं नाही बरं का, ल्यूक हॉवर्ड म्हणून एक औषधांचा व्यापारी होता लंडनमध्ये, ढगांना क्युम्युलस वगैरे नावं दिली तोच, त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दाखवलं की रात्री शहर बाहेरच्या गावांपेक्षा साधारण २ अंशांनी गरम असतं, आणि दिवसा उलट किंचित थंडच. दिवसा थंड! रात्रीचा मुद्दा डोक्यात ठेवा, त्यावर परत येते.

आता ते ४० कुठे मोजतात? पांढरी लाकडी पेटी असते, चारी बाजूंनी झडपा, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. आत थर्मामीटर. ऊन लागत नाही, जमिनीची धग लागत नाही, वारा मात्र खेळतो. मुद्दामच तसं केलंय, कारण मोजायचीये फक्त हवा. (पुणेकरांनो, आपण ज्याला सिमला ऑफिस म्हणतो ते हेच खातं, १९२८ मध्ये मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे आलं, नाव चौकाला चिकटलं ते चिकटलंच, माझ्या भाच्याला वाटायचं तिथे सफरचंदं मिळतात.) तर खातं हवेबद्दल बोलतंय आणि तुम्ही तुमच्या अंगाबद्दल बोलताय. दोघंही खरं बोलताय. गाडीतला सेन्सर असतो बंपरच्या आसपास, खाली तापलेला रस्ता, मागे इंजिन, सिग्नलला उभे राहिलात की आकडा चढणारच. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं चालवा, उतरतो.

मग अंगाला काय लागतं? शेकोटीपुढे बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते ना, हवा दोन्हीकडे जवळपास सारखीच असते तरी. तोंडाला जी लागते ती हवा नाही, ती थेट येणारी धग, किरणांनी येणारी उष्णता. शहरात अशा शेकोट्या सगळ्या बाजूंनी: वर सूर्य, खाली पेव्हर ब्लॉक, शेजारी काचेची बिल्डिंग, मागे पश्चिमेची भिंत.

मी पण एक गन मागून आणली आणि एप्रिलमधल्या एका दुपारी फिरले. बसस्टॉपचं स्टीलचं बाकडं, हात टेकवेना. त्याच्या पत्र्याच्या छपरावर गन रोखली तर पत्रा खालूनसुद्धा पन्नाशीच्या वर, म्हणजे बसायला सावली आहे पण डोक्यावर हीटर लावलाय. तिथून शंभर पावलांवर वडाखाली फरशी, पस्तिशीच्या आसपास. हवा? दोन्हीकडे अंशा-दीड अंशाचा फरक. एक रिक्षावाले काका वडाखाली निवांत पेपर वाचत होते आणि बसस्टॉपवर एक बाई पिशवी डोक्यावर धरून उभ्या होत्या, छपराखाली असून.

म्हणून तो "एक झाड म्हणजे दहा एसी" वाला फॉरवर्ड मला पाठवू नका हो. झाड रस्त्यावरची हवा दहा अंशांनी गार करत नाही, हवा वाहून जाते. झाड ऊन अडवतं आणि स्वतः तापत नाही, कारण पानातून पाणी उडत असतं. पत्रा अडवतो पण तापतो. आणि त्यासाठी मोठा घेर लागतो, एका कापलेल्या वडाच्या बदल्यात दुभाजकात लावलेल्या पाच बोगनवेली मोजून "वृक्षसंख्या वाढली" म्हणणाऱ्यांना मे महिन्यात त्या बोगनवेलीखाली उभं करावं.

आकड्यावर विसंबणं किती महागात पडतं ते खारघरला १६ एप्रिल २०२३ ला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात, दिसलंच आहे. उघडं मैदान, तासन्‌तास ऊन, समुद्राजवळची दमट हवा, आणि हवेचा आकडा ३८ च्या आसपास. उष्माघातानं माणसं गेली. घाम वाळलाच नाही तर अंग गार व्हायचा रस्ताच बंद होतो. नागपूरकर कमेंटमध्ये हसतात ना, "३८ ला तुम्ही रडता, आम्ही ४५ ला समोसे खातो", अहो तुमच्याकडे हवा कोरडी आहे म्हणून. बाकी नागपूरकरांचं एक मान्य, दुपारी काही सिग्नल बंद ठेवायचे आणि काही चौकांत वर हिरवी जाळी बांधायची हे त्यांना सुचलंय. आकडा तसूभर हलत नाही त्यानं, पण उभ्या माणसाचं ऊन जातं, आणि तेच पाहिजे होतं.

आता रात्र. परत तीच गोष्ट, फक्त सूर्य वजा. भिंती आणि स्लॅब दिवसभर जे प्यायलेत ते रात्री आकाशाकडे सोडायला बघतात, पण समोर पंधरा फुटांवर दुसरी बिल्डिंग असली तर आकाशाची नुसती पट्टी दिसते, मग भिंत भिंतीलाच तापवत बसते. पेठेतल्या अरुंद गल्ल्या दिवसा सावलीमुळे छान आणि रात्री घुसमट, ती यामुळे. पाषाणला टेकड्या, मोकळी जमीन, तिथे रात्र लवकर गार होते. थंडीत रोजचे किमान आकडे बघा, पाषाण आणि बिल्डिंगींनी भरलेला मगरपट्टा यांच्यात चार-पाच अंशांचा फरक पडतो, एकाच शहरात. आणि एसी लावला की खोलीतली उष्णता अधिक मशीनची स्वतःची, दोन्ही गल्लीत. शेजारच्याच्या खिडकीत.

"मग सगळंच पांढरं रंगवू का?" गच्ची, हो, चुना मारा, नक्की फरक पडतो. रस्ता आणि भिंती, जरा थांबा. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांवर फिकट थर दिला, रस्ता खरंच कमी तापला, पण दुपारी वरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ते ऊन खालून उसळून आलं. गन रस्त्यावर रोखली तर योजना पास, माणसावर रोखली तर नापास. कळतंय ना मी गनवर का चिडते?

शेवटची कमेंट, एका ताईंची: भाड्याचा फ्लॅट, वरचा मजला, पश्चिमेला मोठी काच, जाड पडदे लावले तरी रात्री अकरापर्यंत खोली गरम. ताई, पडदा आतून लावलाय ना? ऊन काचेतून आत आलंच, पडदा तापला, आता पडदाच धग देतोय. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बाल्कनीच्या ग्रिलला शेडनेट बांधा, दोरीनं, भोकं पाडायची नाहीत म्हणजे मालकही काही बोलणार नाही. नर्सरीच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते, ७५ टक्केवाली मागा, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी, आणि काचेपासून वीतभर लांब राहू द्या, चिकटवू नका.