औषध खाल्लं, शब्दही खाल्ले

श्रोते हो, नमस्कार.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात नवीन यंत्रं बसवायला चीनहून सात-आठ तंत्रज्ञ आले होते. मुक्काम सहा महिन्यांचा. इथल्या कामगारांशी बोलायचं ते इंग्रजीत, आणि ती दोन्हीकडे मोडकीतोडकी. म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांना इंग्रजी शिकवायला मला बोलावलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यातला एक जण पोट धरून वर्गात आला. दुपारी कोणीतरी मोठ्या प्रेमानं त्याला मिसळ खायला घातली होती, वर तर्री ओतून. मी विचारलं, आता बरं आहे का? तो म्हणाला, "आय ईट मेडिसिन." मी सवयीनं टोकलं, ईट नाही, टेक. दाराशी आमचे फोरमन उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, बरोबर बोलतोय की तो. गोळी खाल्ली म्हणतोय."

तिघांत त्या वाक्याचा त्रास फक्त मला झाला होता. क्रियापदाचा काळही चुकला होता, पण चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलतच नाही. त्यावर बोलायला लागले तर माझी आजची वेळ त्यातच जाईल. आज बोलायचंय ते एवढ्याशा शब्दावर, 'ईट'वर.

चिनी मूल शाळेत इंग्रजी शब्दांची यादी पाठ करतं. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा चिनी अर्थ. ईटच्या समोर लिहिलेलं असतं 'छ्र'. जीभ टाळूकडे वळवून उच्चारायचा हा 'छ्र'. लिहायला सहा फटकारे. त्यांतल्या पहिल्या तिनांचा एक चिमुकला चौकोन होतो. तो चौकोन म्हणजे तोंड. ईट म्हणजे छ्र, छ्र म्हणजे ईट, एवढं पाठ झालं की मूल निश्चिंत होतं, आणि पुढची वीस वर्षं त्या जोडीचे चटके सोसतं.

कारण छ्र भलताच खादाड आहे. औषध खातो, तो 'छ्र याव'. इंग्रजी मात्र औषध 'घेते', मग ती गोळी असो, काढा असो, नाहीतर पातळ औषध. उलट सूप मराठी माणूस पितो, चिनी माणूसही पितो, आणि बशीतलं सूप चमच्यानं घेणारा इंग्रज ते 'खातो'. तांदळाची पेजसुद्धा चिनी माणूस आपल्यासारखीच पितो. आमच्या वर्गात एक जण सूजौचा होता, शांघायच्या शेजारचा. त्या भागातल्या बोलीत चहाही खातात आणि सिगारेटही. उत्तरेकडचे चिनी त्याला हसायचे. मी त्याला सांगितलं, संकोच करू नकोस, आमच्याकडे बंगाली माणूसही चहा, पाणी आणि सिगारेट तिन्ही खातो.

पण खरी गंमत चहाच्या पुढे आहे. चिनी भाषेत छ्रच्या पुढे जागेचं नाव सरळ ठेवता येतं. 'छ्र श्र-थांग' म्हणजे खानावळीत, कँटीनमध्ये जेवणं. मधे 'मध्ये' लागत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात मला रोज ऐकू यायचं, "टुडे वुई ईट कँटीन." विटांसकट. आणि एकदा एक जण आपल्या चुलतभावाबद्दल हळहळत म्हणाला, "ही इज थर्टी, स्टिल ईट हिज पेरेंट्स." हा भाऊ आईबापांच्या जिवावर जगत होता, एवढंच. चिनीत अशा मंडळींना आणखी एक नाव आहे, 'खन लाव त्सू', म्हणजे म्हाताऱ्यांना कुरतडणाऱ्यांची जमात. आपल्याकडेही असे कुरतडणारे आहेत, पण इतकं नेमकं नाव आपण त्यांना अजून दिलेलं नाही.

आता मराठी 'खाणं' या छ्रच्या शेजारी ठेवून बघा. कष्ट सोसणं म्हणजे चिनीत 'छ्र खू', कडू खाणं. आपण खस्ता खातो. नुकसान सोसणं म्हणजे 'छ्र ख्वै', आणि आपणही खोटच खातो. चिनी म्हण सांगते, एक खड्डा खा, एक शहाणपण वाढेल. आपण टक्केटोणपे खाऊन शहाणे होतो. फक्त दुसऱ्या एका म्हणीत आपण जरा चलाखी केली आहे. ठेच लागते पुढच्याला आणि शहाणा होतो मागचा. कमाई न करता बसून खाल्लं तर डोंगरसुद्धा रिकामा होतो असं चिनी माणूस म्हणतो, तिथे आपण कुबेराला बोलावतो. आपण मार खातो, बोलणी खातो, लाच खातो, भाव खातो, हाय खातो, कच खातो, वर दातओठही खातो. हे सगळं इंग्रजीत न्यायला गेलं की 'ईट' हात वर करतो. तिथे मार मिळतो, लाच घेतली जाते, नुकसान सोसलं जातं. म्हणून 'आय ईट बिटरनेस' असं एखादा चिनी माणूस म्हणतो तेव्हा इंग्रज गोंधळतो, आणि फोरमन मान डोलावतात.

या सगळ्यात माझा लाडका आहे व्हिनेगर. प्रेमातला मत्सर म्हणजे चिनीत 'छ्र त्सू', व्हिनेगर खाणं. त्याची गोष्ट अशी सांगतात की सातव्या शतकात थांग घराण्याचा सम्राट थायत्सूंग आपल्या फांग श्वानलिंग या मंत्र्यावर खूश झाला आणि त्याला काही उपपत्नी बक्षीस द्यायला निघाला. मंत्र्याची बायको आडवी आली. नाही म्हणजे नाही. सम्राटानं तिच्यापुढे एक भांडं ठेवलं आणि म्हणाला, यात विष आहे, एक तर या बायकांना घरात घे, नाहीतर हे पी. बाईंनी भांडं उचललं आणि घटाघटा रिकामं केलं. मरण काही आलं नाही. आत व्हिनेगर होतं. इतिहासकार या गोष्टीला किती मान देतील ते देवास ठाऊक, पण वर्गात ती सांगताना त्या सगळ्या पुरुषांचे चेहरे बघण्यासारखे होते. इंग्रजीत मत्सर हिरवा असतो. आपल्याकडे कोणी कोणावर खार खातो. तिथे प्रेमापेक्षा आकस जास्त असतो, पण जिभेला चरचरतं दोन्हीकडे.

इथवर मला वाटत होतं की अडचण या अशाच विचित्र वाक्प्रचारांची असणार. तसं नव्हतं. व्हिनेगर, कँटीन, आईबाप, यांवर सगळे हसायचे आणि जे हसून कळलं ते पक्कं बसायचं. फसगत झाली ती ओळखीच्या वाटणाऱ्या प्रयोगात.

झालं असं. एका पुरवठादारानं सोमवारी बेअरिंगं देतो म्हणून कबूल केलं होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. आमच्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार विद्यार्थ्यानं खरेदी विभागाला ईमेल केली. तिच्यात एक वाक्य होतं, 'सप्लायर एट हिज वर्ड्स.' व्याकरण चोख, भूतकाळसुद्धा बरोबर. ईट वन्स वर्ड्स हा वाक्प्रचार त्यानं कुठेतरी वाचला होता आणि तो त्याला फार आवडला होता, कारण हाच्या हाच वाक्प्रचार त्याच्या भाषेत आहे, 'श्र येन'. यातला श्र हे खाण्याचं जुनं, ग्रंथातलं क्रियापद, आणि येन म्हणजे बोल. बोल खाणं. चिनीत त्याचा अर्थ दिलेला शब्द मोडणं.

इंग्रजीत अर्थ वेगळा. ईट युअर वर्ड्स म्हणजे आपण ठामपणे बोललो ते चुकीचं होतं असं खाली मान घालून कबूल करणं. खरेदी विभागातल्या साहेबांचं इंग्रजी उत्तम. त्यांनी वाचलं की पुरवठादारानं चूक मान्य केली आहे. म्हणजे माल निघालाच असणार, असं धरून त्यांनी फोन करायचं सोडून दिलं. चार दिवस यंत्र उघडं पडून होतं. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू तो वाक्प्रचार मीच आणून ठेवला होता.

फोरमनना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शब्द गिळले म्हणजे, बोलायचं होतं पण तोंडातून बाहेर काढलं नाही, असंच ना?" बरोबर आहे, मराठीत तसंच. तेच तोंड, तेच शब्द, तोच घास, आणि तीन भाषांत तीन वेगळ्या गोष्टी घडतात. चिनी माणसानं वचन मोडलेलं असतं. इंग्रजानं चूक कबूल केलेली असते. आणि मराठी माणूस अजून बोललेलाच नसतो.

चिनी बोल खाण्याला अडीच हजार वर्षांची परंपरा आहे. लू राज्याचा आय नावाचा राजा होता. मेजवानीत त्याच्या एका सरदारानं राजाच्या सारथ्याला टोमणा मारला, किती रे लठ्ठ झालास! राजा म्हणाला, इतके बोल खाल्ल्यावर माणूस लठ्ठ होणार नाही तर काय? टोला सारथ्याला नव्हता. वारंवार शब्द फिरवणाऱ्या त्या सरदारालाच होता. ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यानं मला सांगितली, ईमेलची चूक कळल्यानंतर, कानकोंडा होऊन. त्या दिवशी तास त्यानं घेतला म्हणायला हरकत नाही.

बाकीचे वाक्प्रचार आम्ही भराभर उरकले. हंबल पाय खाणं, म्हणजे नाक मुठीत धरून माफी मागणं. 'अंबल्स' म्हणजे हरणाचं आतडं-काळीज, ते पिठाच्या पारीत भरून भाजलेला 'पाय' हलक्या लोकांच्या वाट्याला यायचा, आणि अंबल-हंबल या कोटीतून हा प्रयोग आला. वॉट्स ईटिंग यू, याला एकानं घाबरून "नथिंग, नथिंग" म्हणत पाय झटकले. त्याला डास वाटला. मराठीत सांगितलं असतं तर चटकन कळलं असतं. कसली काळजी खातेय तुला, असं आपण विचारतोच.

एक मात्र अडून बसला. यू कान्ट हॅव युअर केक अँड ईट इट. त्यांचा आक्षेप रास्त होता. पुस्तकात शिकवलंय की हॅव ब्रेकफास्ट म्हणजे नाश्ता खाणं. मग हॅव केक म्हणजे केक खाणंच. म्हणजे वाक्य झालं, केक खाऊन तो खाता येत नाही. जॉन हेवुडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात याचा क्रम उलटा आहे, आधी केक खाणं आणि मग तो बाळगणं. तो क्रम फळ्यावर लिहिला आणि खोलीत उजेड पडला. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मासा आणि अस्वलाचा पंजा!" त्यांचा प्राचीन तत्त्वज्ञ मेन्शियस म्हणून गेलाय, मलाही मासा हवा आणि अस्वलाचा पंजाही हवा, पण दोन्ही मिळत नसतील तर मासा सोडून पंजा घेईन. आपण दोन्ही डगरींवर हात ठेवू नये म्हणतो, त्यात जेवायला काहीच मिळत नाही.

शिकवताना मला अधूनमधून सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची आठवण यायची. ते १९३८ साली चीनला गेले, चिनी शिकले आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले. खाटेवरच्या सैनिकाला गोळी देताना तेही 'छ्र याव' म्हणत असणार, औषध खा. सोलापूरच्या माणसाला त्यात काय वावगं वाटणार?

निरोपाच्या दिवशी तो मिसळवाला तंत्रज्ञ फोरमनना म्हणाला, "सर, यू ईट?" इंग्रजीच्या दृष्टीनं अर्धवट वाक्य. पण चीनमधे जुन्या वळणाची माणसं भेटल्यावर 'नी छ्र ल मा' असं विचारतात, जेवलात का, आणि फोरमन म्हणाले, "हो, जेवलो. तू?" मी दुरुस्ती केली नाही.

काचेपलीकडून आता मला घड्याळ दाखवलं जातंय. पुढच्या कार्यक्रमाची मिनिटं खाल्ली तर मला बोलणी खावी लागतील. नमस्कार.