भाडं एक, हिशेब तीन

करी रोडला उतरायचं, पूल ओलांडून लालबागच्या बाजूला यायचं आणि चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दारातल्या चपला चुकवत या खोलीत शिरायचं. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून घातलेलं क्रोशाचं कव्हर. ही संस्था गोवंडीत मुलांसाठी दोन अभ्यासिका चालवते. नाव सांगत नाही, कारण काकूंची अटच होती, हिशेब दाखवते पण नाव नको. काकू म्हणजे खजिनदार. सगळी नोकरी बँकेत झाली, आता रिटायर, आणि इथे फुकट डोकेदुखी घेतात. त्यातलीच एक, संस्थेसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर निवडणं.

टेबलावर ही पावती बघा. गोवंडीच्या दोन खोल्यांचं भाडं, १८,००० रुपये. चेक एकच गेला, पण त्यातले ९,००० एका कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेल्या पैशांतले, ५,४०० एका फाउंडेशनच्या ग्रँटचे आणि राहिलेले ३,६०० लोकांनी दिलेल्या देणग्यांमधले. दुकानदाराला वर्षाच्या शेवटी नफा किती झाला एवढं कळलं की झालं, इथे नफा हा विषयच नाही, इथे प्रत्येकजण विचारतो माझे पैसे कुठे गेले, आणि प्रत्येकाचा तक्ता वेगळा.

म्हणजे कसं, तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे १९५०च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे ताळेबंद द्यायचा शेड्यूल आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च शेड्यूल नऊमध्ये. शेड्यूल नऊ विचारतं, ट्रस्टच्या उद्देशांवर खर्च किती, त्यात शैक्षणिक किती, वैद्यकीय किती, गरिबांना मदत किती. सीएसआरवाल्यांना हे काही नको, त्यांना त्यांच्या बजेटची हेड हवीत, पगार, भाडं, साहित्य, ॲडमिन, आणि खाली सीएची सही असलेलं यूसी, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे वापरल्याचं सर्टिफिकेट. इन्कम टॅक्सला बघायचं असतं की उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम कामावर खर्च झाली की नाही. अभ्यासिकेच्या ताईचा पगार एकच, पण तो एका कागदावर ‘शैक्षणिक’ आणि दुसऱ्यावर ‘स्टाफ’. परदेशी पैसे घेत असाल तर अजून वेगळी वही, कारण परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यायला लागतात आणि त्यातला २० टक्क्यांच्या वर ॲडमिन खर्च चालत नाही. या संस्थेला ते नाहीये. काकू म्हणतात, देवाची कृपा.

तर सॉफ्टवेअर शोधताना काकूंचा प्रश्न एकच होता. एक एंट्री टाकल्यावर तिला तीन चिठ्ठ्या चिकटवता येतात का, कोणाचे पैसे, कुठलं काम, कुठलं हेड? की वर्षाच्या शेवटी परत एक्सेल उघडून बसायचं?

तीन डेमो झाले. डेमोत सगळं चकाचक असतं, रंगीत गोल चार्ट वगैरे. एका मुलाला काकूंनी हीच भाड्याची पावती दिली, म्हणाल्या, बाळा ही टाकून दाखव आणि मला फक्त सीएसआरचा खर्च काढून दे. त्याने पाच मिनिटं खटपट केली आणि म्हणाला, मॅडम ते ना, एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये करता येईल. चहा पाजून त्याला पाठवून दिलं.

फुकटवालीही बघितली. ग्नूकॅश आहे, साधं आणि पक्कं. ग्नूखाता तर मुंबईतच तयार झालेलं, त्यात संस्था उघडतानाच नफ्यासाठी आहे की ना-नफा हे विचारतात, मला ते फार आवडलं. ईआरपीनेक्स्टही मुंबईचंच, ओपन सोर्स, पण ते चालवायला घरात कोणीतरी कॉम्प्युटरवाला हवा, इथे तिघीजणी आहेत आणि त्यातली एक अर्धवेळ. फुकट म्हणजे लायसन्सचे पैसे नाहीत एवढंच हो, बिघडलं की कोण बघणार ते विचारा. आणि पैसे भरूनही खात्री असते असं नाही, क्विकबुक्स एवढं मोठं नाव, २०२३मध्ये भारतातून गुंडाळलं, लोकांना आपापला डेटा काढून घ्यावा लागला. म्हणून आधी विचारायचं, सोडून जायचं झालं तर माझ्या एंट्र्या मला कशा मिळतील.

शेवटी टॅली. हो, तेच, बंगळूरची कंपनी, १९८६पासूनची. दिसायला रुक्ष. पण अर्धवेळ अकाउंटंट दोन हजार जास्त मिळाले की सोडून जातो, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला लालबागपासून लालजीपाड्यापर्यंत कुठेही टॅली येत असतंच. सीएकडेही तेच. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो, फीचर्सची यादी नंतर.

आता स्क्रीन बघा. एफ ११ दाबलं की सेटिंग येतात, त्यात नफा-तोट्याच्या जागी उत्पन्न-खर्च पत्रक घ्या असा एक पर्याय आहे, कितीतरी संस्थांना तो माहीतच नसतो, वर्षानुवर्षं ‘नेट प्रॉफिट’ छापून येतं आणि विश्वस्त घाबरतात. मग कॉस्ट सेंटर, म्हणजे एकच खर्च वेगवेगळ्या नावांवर वाटायची सोय, चालू करायची आणि कॅटेगरी दोन, एक देणगीदार, दुसरी प्रोजेक्ट. भाड्याचं व्हाऊचर टाकलं की छोटी खिडकी उघडते आणि काकू तर्जनीने एकेक आकडा मारतात, ९,०००, ५,४००, ३,६००. मग गोवंडी एक, गोवंडी दोन. एंटर. झालं. एडिट लॉगही चालू ठेवलाय, म्हणजे कोणी एंट्री बदलली तर ते दिसतं. सेक्शन ८ कंपन्यांना, म्हणजे कंपनी म्हणून नोंदलेल्या ना-नफा संस्थांना, १ एप्रिल २०२३पासून तशी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचंच आहे, ट्रस्टला नाही, पण काकू बँकेतल्या ना.

विकत घ्यायच्या आधी त्यांनी काय केलं, तर मागच्या मार्चची सगळी व्हाऊचर खोक्यात भरून ट्रायल कॉपीत टाकून बघितली. एप्रिल नाही, मार्चच, कारण मार्चमध्ये सगळी घाण असते, ॲडव्हान्सची बिलं, परत आलेले चेक, शेवटच्या दिवशी आलेली ग्रँट.

देणग्यांचं मात्र टॅलीत नीट जमलं नाही. २०२१-२२पासून ८०जी असलेल्या, म्हणजे ज्यांना देणगी दिली की देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळते अशा संस्थांना देणगीदारांची यादी इन्कम टॅक्सच्या १० बीडी फॉर्ममध्ये भरावी लागू लागली, ३१ मेपर्यंत, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. नाव, पत्ता, पॅन, रोख की बँकेतून, कॉर्पस म्हणजे कायम राखून ठेवायची की साधी. त्यासाठी वेगळी शीट ठेवलीय. आणि इथे सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, हात टेकतं, कारण पावती पुस्तकाच्या कार्बन कॉपीवर नुसतं लिहिलंय ‘सावंत, ५०१’.

म्हणून दुपारी, अकाउंटंट गेल्यावर, काकू चष्मा लावून फोन फिरवत बसतात.

“हॅलो, सावंत का? मी लालबागहून बोलतेय, तुम्ही आमच्या अभ्यासिकेला देणगी दिली होती, तुमचा पॅन नंबर हवा होता... नाही हो, ओटीपी नाही मागत मी... अहो फ्रॉड नाहीये... हॅलो?”