गुडघ्याची झीज आणि पेशींच्या पुड्या

जिना उतरताना गुडघ्यात कळ येते आणि माणूस कठडा धरून थांबतो. गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे गुडघ्याच्या सांध्याची झीज. २०१९ मध्ये जगात साधारण साडेछत्तीस कोटी लोकांना हा त्रास होता, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हाडांच्या टोकांवर कुर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, जेमतेम काही मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, पेशीही विरळ, त्यामुळे हातावरची जखम भरते तशी ही गादी भरून येत नाही. बरं, नुसती झीजच असते असं पण नाही, आत सूज असते, एन्झाइम्स कुर्चा कुरतडत असतात, खालचं हाडही बदलत जातं. पेनकिलरने दुखणं कमी होतं, झीज नाही थांबत.

मग स्टेम सेल आल्या, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. आधी वाटलं होतं की या पेशी टोचल्या की त्यांचीच नवी कुर्चा होईल, पण प्राण्यांमध्ये दिसलं भलतंच, टोचलेल्या बऱ्याचशा पेशी काही दिवसांत नाहीशा व्हायच्या आणि फायदा मात्र मागे राहायचा! मला तर यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. म्हणजे पेशी जाता जाता काहीतरी सोडून जात होत्या, आणि त्यातलंच एक म्हणजे एक्सोसोम.

चरबीच्या पातळ आवरणाची पुडी, ३० ते १५० नॅनोमीटरची (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आत प्रथिनं आणि मायक्रोआरएनए, म्हणजे कुठलं जनुक किती चालावं हे आवरणारे छोटे रेणू. १९८३ मध्ये घडत असलेल्या लाल रक्तपेशींत या पुड्या दिसल्या तेव्हा अनेकांनी त्यांना पेशीचा कचरा समजून सोडून दिलं होतं. खरं तर त्या निरोप असतात, एका पेशीने दुसरीला धाडलेले, सूज आवर, कुर्चेचा माल तयार कर असे.

२०१६ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांच्या दोन्ही गुडघ्यांत कुर्चेला खड्डे पाडले, एका गुडघ्यात दर आठवड्याला एक्सोसोम आणि दुसऱ्यात नुसतं द्रावण. १२ आठवड्यांनी एक्सोसोमवाला खड्डा जवळपास पूर्ण भरला होता, दुसऱ्यात तसं काही नाही.

पण थांबा. निरोगी उंदराला मुद्दाम पाडलेला ताजा खड्डा वेगळा आणि वीस वर्षं झिजत आलेला माणसाचा गुडघा वेगळा. शिवाय डोस किती, कुठल्या पेशींचे एक्सोसोम, प्रत्येक बॅच सारखीच कशी ठेवायची, यावर अजून एकमत नाही. आणि तरीही इंजेक्शनं विकली जातात, याचा मला खरंच राग येतो, कारण दुखणारा माणूस आशेपोटी काहीही करायला तयार असतो. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, लोकांना सावध केलं, तिथे नेब्रास्कात मंजुरी नसलेल्या अशा उत्पादनांनंतर काही पेशंटना गंभीर त्रास झाला होता.

कोणी एक्सोसोम देतो म्हणालं तर आधी विचारा, ही नोंदणी झालेली ट्रायल, म्हणजे माणसांवरची रीतसर चाचणी, आहे का, पुड्या कुठल्या पेशींच्या आहेत आणि तपासल्या कोणी. आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आजच सुरू करा, वजन जास्त असेल तर एक किलो उतरवलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो.