पासबुकातली गृहिणी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एप्रिल. पुरतं उजाडलेलंही नाही आणि ही काजूंच्या झाडांखाली हजर. हातात टोकाला खिळा मारलेली काठी. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, टोचायचा, उचलायचा, पिळा देऊन बी सोडवायची. बी पिशवीत, बोंडू टोपलीत. पाहा, हाताकडे न बघताच हात चालतोय. टोपली भरली की डोक्यावर घेऊन उतारानं कोळंबीपर्यंत, म्हणजे बोंडू तुडवायच्या जागेपर्यंत. तिथून पुढचं काम घरातल्या पुरुषांचं: तुडवणं, रस भट्टीला लावणं. भट्टीचा धूर कॅमेऱ्याला फार आवडतो, आम्हीही तो पोटभर टिपला. पण सकाळपासून ओणवी आहे ती ही.

सरकारच्या काजूबियांच्या आधारभूत किमतीचा लाभ कृषी कार्डावर मिळतो. इथलं कार्ड सासऱ्यांच्या नावावर आहे.

तिच्या नावावर येतं ते हे. वाळपईची बँक, पासबुक छापायची रांग. कर्रकर्र करत एक ओळ उमटते: १५०० रुपये, गृह आधार.

२०१२ साली मनोहर पर्रीकर सरकारनं ही योजना आणली. महागाईत घर चालवणाऱ्या विवाहित बाईच्या खात्यात थेट पैसे. आधी १०००, मग १२००, आता १५००. योजना आली त्याच वर्षी, २०१२ला, खाणी बंद पडल्या. या दारातला ट्रकही कामाविना उभा राहिला, आणि महिन्याची ठरलेली रक्कम काय ती हिच्याच खात्यात यायची. तेवढे पैसे कुणाला न विचारता खर्च करते, म्हणाली. नवरा शेजारीच बसला होता, हसला.

अर्जाला रहिवासी दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो. गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य हवं. आणि नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत, म्हणजे महिना २५ हजार. आता हिशेब करा. नवऱ्याला ड्रायव्हरकीचे १५ हजार, हिनं पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम धरलं तर ११ हजार: बेरीज २६. गृह आधार गेला. उद्या कंत्राट संपलं की दाखल्यांची फेरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कंपनीचा विचार मागे पडतो.

डोंगरावरचं काम कुठल्याच रकान्यात येत नाही. योजनेच्या लेखी ती गृहिणी.

पासबुकाच्या कोपऱ्यावर बोंडवाच्या रसाचा तपकिरी अंगठा उमटलाय. तिनं ते पदरानं पुसलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. साडेबाराची बस गाठायची आहे. सकाळी वेचलेल्या बिया अजून उन्हात घालायच्या राहिल्यात.